रुपयांत मोजलेली चांदी

पवित्रा बी.कॉम. झालेली होती, हाच तिचा गुन्हा. कोल्हापुरात सराफांच्या गुजरीमध्ये तिच्या सासऱ्यांचं, गुरुसिद्धआप्पा शेट्यांचं, चांदीच्या पैंजणांचं दुकान. २००५ साली व्हॅट आला, हिशेब कॉम्प्युटरवर घ्यायचं ठरलं आणि सगळं घर हिच्या तोंडाकडे बघायला लागलं. "तू शिकल्याली हाईस. तू म्हणशील ते सॉफ्टवेअर घिऊ," आप्पा म्हणाले आणि मोकळे झाले. थोरांनी असा विश्वास टाकला की धाकट्यांची झोप उडते.

दोघेजण येऊन आपापलं सॉफ्टवेअर दाखवून गेले. एक महागडं, त्यात रुपयांचा हिशेब वेगळा, वजनाचा वेगळा. दुसरं राजारामपुरीतल्या एका तरुणाने स्वतः बनवलेलं, निम्म्याहून कमी किमतीचं, पण त्याला फक्त रुपये कळायचे. इथेच घोडं पेंड खात होतं. या धंद्याची रीतच निराळी. चांदी दुकानातून तोलून जवळच्या हुपरी गावच्या घराघरांत जाते, तिथल्या बायका पैंजण जोडतात आणि ते तोलून परत आणतात. कुणाकडे किती चांदी आहे हे वहीत ग्रॅममध्येच लिहायचं. रुपयांचा संबंध फक्त मजुरीपुरता.

"त्यात काय एवढं, वहिनी," तो तरुण म्हणाला. "चांदी दिली की त्या दिवसाच्या भावानं रक्कम टाका, परत आली की त्या दिवसाच्या भावानं वजा करा."

पवित्राच्या मनात पाल चुकचुकली. पण चांदीचा भाव कित्येक वर्षांत फारसा हलला नव्हता, आणि पैसे वाचवले म्हणून घरात कौतुक होणार होतं. तिने स्वस्तातलं घेतलं. जुन्या वह्या माळ्यावर गेल्या.

पुढच्याच वर्षी चांदीला वारं लागलं. उन्हाळ्यात भाव चढत चढत दुपटीच्या घरात गेला आणि पावसाळ्याच्या तोंडाला धाडकन खाली आला. त्या महिन्याची खाती काढताना पवित्राला मल्लव्वाच्या नावापुढे मोठी रक्कम दिसली. आजच्या भावाने पाव किलोच्या वर चांदी तिच्याकडून यायची होती.

मल्लव्वा म्हणजे पवित्रा लग्न होऊन यायच्या आधीपासून या घराचे पैंजण जोडणारी बाई. हुपरीत कुणाच्या हातची चांदी कमी आली असं एकदा बोललं गेलं, की दुसरा कुणी त्या हातात चांदी ठेवत नाही. पवित्राला हे ठाऊक होतं. तिने खातं पुन्हा काढलं, परत काढलं, आकडा तोच. मशीन चुकत नाही हे तिनेच आप्पांना पटवून दिलं होतं. आता चुकलं म्हणावं, तर आपली निवड चुकली. तिला भीती वाटली, आणि खरं सांगायचं तर ती मल्लव्वापेक्षा स्वतःसाठीच जास्त वाटली. तिने आप्पांना आकडा सांगितला.

आप्पांनी मल्लव्वाला बोलावून घेतलं. "अक्का, मशीन म्हणतंय चांदी कमी हाय."

मल्लव्वा भांडली नाही. "असंल की," ती म्हणाली. "डोळ्यानं कमी दिसाय लागलंय. कुठंतरी सांडली असंल."

दुसऱ्या दिवशी तिने पदराची गाठ सोडून काट्यावर वाळे ठेवले. तिच्या आईच्या पायातले. एकावर एक घासून आतल्या बाजूला झिजलेले. वजन भरलं. पवित्राने नोंद केली, खातं मिटलं आणि तिच्या जिवाला घोर लागला.

आठवड्याने हाफिजा मजुरी न्यायला आली. तीही हुपरीची, तेच काम करणारी. तिचं खातं उघडलं तर उलटंच, दुकानच तिला चांदी देणं लागत होतं.

"मी नेली तेवढीच आणली की, वैनी," हाफिजा म्हणाली. "जादा कुठनं आली?"

पवित्राने तारेला अडकवलेल्या वजनाच्या चिठ्ठ्या काढल्या आणि रुपये बाजूला ठेवून नुसते ग्रॅम मांडले. हाफिजाने चांदी स्वस्ताईत नेली होती आणि महागाईत आणली होती. मल्लव्वाने महागाईत नेली आणि भाव पडल्यावर आणली. ग्रॅम दोघींचेही जिथल्या तिथे होते. पडला होता तो भाव.

ती तशीच आप्पांकडे धावली. "आप्पा, मल्लव्वाचं वाळं कुठं हायत?"

"आटलं की. मोडीबरोबर त्याच दिशी भट्टीत गेलं."

तिने चिठ्ठ्या पुढे ठेवल्या. आप्पांनी एकेक चिठ्ठी वाचून पुन्हा तारेला अडकवली. रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं. महागडं सॉफ्टवेअर आणायचं तेव्हाच ठरलं, पण आता त्याचा काय उपयोग, असं तिला वाटून गेलं.

तेवढ्याच वजनाची चांदीची पट्टी घेऊन पवित्रा हुपरीला गेली. मल्लव्वा दारातच बसली होती. तिच्यापुढे काम नव्हतं. गल्लीतल्या बायका जमल्या, आणि त्यांच्यासमोर पवित्रा म्हणाली, "अक्का, तुमची चांदी कमी नव्हती. चूक माझी हाय. ते सॉफ्टवेअर मी निवडलं."

मल्लव्वाने पट्टी तळहातावर घेऊन जोखली. काट्याची तिला कधी गरज पडली नव्हती.

"वजन बराबर हाय, वैनी," ती म्हणाली, आणि त्या कोऱ्या पट्टीवरून अंगठा फिरवत झिजलेली जागा शोधत राहिली.