सौ., स्व. आणि शेषरावमामा

मामा शेवटचे भेटले ते माझ्या दुकानाबाहेरच्या बाकड्यावर. त्यांच्या नातीचं, प्राचीचं लग्न ठरलं होतं आणि पत्रिकेचं प्रूफ ऐकायला ते स्वतः नांदुऱ्याला आले होते. हो, ऐकायलाच. प्रूफ गिऱ्हाइकाच्या हातात कोंबून आम्ही मोकळे होत नाही, एकेक नाव मोठ्यानं वाचतो. नावाआधी ‘स्व.’ असेल तर थांबून विचारतो, “गेले ना?” नसेल तर विचारतो, “आहेत ना?” समोरच्यानं ‘हाव’ म्हटल्याशिवाय पुढचं नाव घ्यायचं नाही. निमंत्रकांत पहिलंच नाव मामांचं होतं. मी मुद्दाम चेहरा गंभीर करून विचारलं, “शेषराव... आहेत ना?” मामांनी बाकड्यावर थाप मारली. “हाव, हाये! तुह्यापुढे बसून चहा पिऊन राह्यलो, दिसत नाही का वं?” त्या दिवशी दुकानात जो हशा झाला तो ऐकून शेजारच्या मेडिकलवाल्यानंही डोकावून पाहिलं.

त्यानंतर आठव्या दिवशी सकाळी मी शटर वर करत होते आणि प्राचीचा फोन आला. मामा अंगणात चूळ भरता भरता खाली बसले ते उठलेच नाहीत. पत्रिका छापून, गठ्ठे बांधून टेबलावर तयार होत्या.

रडून लिहायचं नाही असं मी ठरवलं आहे. मामांना रडकं तोंड आवडायचं नाही, आणि माझ्या आयुष्यातला सगळ्यात उत्साहाचा आठवडा मी त्यांच्याच बरोबर काढला आहे. तोच सांगते.

बारा वर्षं मी एका खासगी शिकवणीच्या कचेरीत दुसऱ्यांची पत्रं टाइप केली. एके दिवशी डोक्यात किडा वळवळला, की आपलं स्वतःचं छपाईचं दुकान असावं. पत्रिका, चहाचे मग, टी-शर्ट, स्टिकर... लोक सांगतील ते छापून द्यायचं. दोन दुकानं विकायला होती, एक मोताळ्याला आणि एक इथं नांदुऱ्यात. नोकरी सोडायची, साठवलेलं सगळं ओतायचं आणि आईच्या पाटल्याही मोडायच्या, म्हणजे फसलं तर परतीची वाट नाही. घरात प्रत्येकाचं मत निराळं. शेवटी आई म्हणाली, “शेषरावले घेऊन जा. तो पाहीन.” आता मामांना छपाईतलं ओ की ठो कळत नव्हतं. जन्मभर ते जिनिंगवर कापसाची प्रत ठरवत आले होते. पण गाडीभर कापूस समोर आला की मामा वरच्या पांढऱ्या थराकडे बघायचेही नाहीत. कोपरापर्यंत हात आत घालायचे, मधला पुंजका ओढायचे आणि दोन्ही अंगठ्यांत धरून त्याचा धागा ताणायचे. “वरतून सगळ्यायचाच कापूस चांगला रायते, पोरी.”

मोताळ्याचं दुकान बघून मी तर हरखूनच गेले होते. नवं कोरं मशीन, काचेचं दार, नमुन्यांचा हा जाडजूड अल्बम. माझा हात पर्सकडे जायचाच बाकी होता. मामांनी अल्बम उघडलाही नाही. मालकाला म्हणाले, “बिघडलेला माल दाखवा.” मालक हसला. “काका, आमच्याकडे बिघडतच नाही.” मामांनी चहा संपवला, राम राम केला आणि बाहेर आले. मी चिडून विचारलं, काय खोट आहे हो यात? तर म्हणाले, “ज्याच्या घरी कधी भाकर करपत नाही, त्याच्या घरी चूल पेटत नसन.” परतीच्या एसटीत मी त्यांच्याशी एक अक्षर बोलले नाही. ते खिडकीला डोकं टेकून खुशाल घोरत होते.

दुसऱ्या दिवशी नांदुऱ्यात दिनकरभाऊंकडे गेलो. अरुंद दुकान, छपाईचं जुनं यंत्र, मगावर चित्र उठवणारं एक डुगडुगतं मशीन आणि बाहेर एक लाकडी बाकडं. डोळे साथ देईनात म्हणून दिनकरभाऊ दुकान विकत होते. त्यांनी सांगितलेल्या किमतीत यंत्रांपेक्षा ‘गुडविल’चे, म्हणजे दुकानाच्या नावलौकिकाचे पैसेच जास्त होते. मामा म्हणाले, “हे गुडविल कुठी ठेवलं? काढा, पाहू द्या.” मग मामांनी तोच प्रश्न टाकला, बिघडलेला माल दाखवा. दिनकरभाऊंनी टेबलाखालून पत्र्याची एक पेटी ओढली.

पेटीत चुकाच चुका होत्या. उलटं नाव छापलेला मग, ‘वाढदिवस’चा ‘वाददिवस’ झालेलं स्टिकर, आणि पत्रिका तर ढिगानं. प्रत्येक वस्तूवर पेन्सिलीनं लिहिलेलं, ‘चूक : माझी’, ‘चूक : गिऱ्हाइकाची’. मामांनी ढिगाच्या पोटात हात घातला आणि मधली एक पत्रिका ओढली. नवरदेवाच्या आजीच्या नावाआधी ‘सौ.’च्या जागी ‘स्व.’ पडलं होतं. जित्याजागत्या सवाष्ण बाईला दिनकरभाऊंनी स्वर्गात धाडलं होतं! मागे लिहिलं होतं, ‘चूक : माझी’.

“मंग?” मामांनी विचारलं. दिनकरभाऊ सांगू लागले, “मंग काय, नव्या पत्रिका छापल्या अन् मीच घेऊन गेलो. म्हटलं, मारतीन तर मारू द्या. म्हतारीनं दार उघडलं, मले पाहिलं अन् म्हने, ये बाबा बस, वरतून आली मी तुह्यासाठी चहा कराले!” त्या दिवसापासून दिनकरभाऊ प्रूफ मोठ्यानं वाचायला लागले. गेले ना? आहेत ना? कितीही घाई असो, एक नाव सोडायचं नाही.

मामा मग तीन दिवस त्या बाकड्यावर ठाण मांडून बसले. येईल त्याच्याशी गप्पा मारायचे आणि संध्याकाळी मला फोन. आवाजात नुसतं लग्नघर! “सुनीता, आज संग्रामपूरचा मानूस आला होता वं! रस्त्यात चार दुकानं सोडून आला. काऊन आला म्हटलं? तं म्हने, इथं वाचून दाखवते, म्हनून आमच्या घरचं भांडन वाचते!” कुणाचं नाव कुणाआधी, कोणता काका राहिला, यावरून आमच्याकडे सोयरिकी तुटायची वेळ येते, हे मला काय माहीत नव्हतं? पण दुकानाचा भाव त्यात असतो हे मात्र मामांनी दाखवलं. आपण काहीतरी मोठं शोधून काढलंय या आनंदात मला जेवण जात नव्हतं.

तरी एक शंका मनाला टोचत होती. लोक येतात ते दिनकरभाऊंच्या आवाजासाठी. उद्या ते घरी बसले की माझ्याकडे कोण येणार? मी तसं बोलून दाखवल्यावर मामा म्हणाले, “मंग धागा ताणून पाहू.” चौथ्या दिवशी त्यांनी दिनकरभाऊंना चहाच्या टपरीवर पाठवलं आणि मला त्यांच्या खुर्चीत बसवलं. मुलीची पत्रिका छापायला टाकलेला एक शेतकरी प्रूफासाठी आला. मी वाचायला लागले. दुसऱ्याच ओळीला ‘स्व.’ आलं. मी विचारलं, “गेले ना?” तो माणूस बाकड्यावरून ताडकन उठला. “नाही, नाही! थे तं काका हायेत! सकाळीच हरबरा पेराले गेले!” मी गार पडले. त्यानं कपाळ पुसलं आणि म्हणाला, “बरं झालं ताई, इचारलं तुम्ही. मीच चुकीचं लिहून देलं होतं.” जाताना त्यानं दिनकरभाऊ कुठं आहेत हेदेखील विचारलं नाही. मामा बाहेरून ओरडले, “घे! आता मांगं पाहू नको, घे!” रस्त्यावरची माणसं वळून बघायला लागली. मी घेतलं. त्या दुकानावर आज माझं घर चालतं, आणि दर महिन्याला एकदा तरी कुणीतरी बाकड्यावरून ताडकन उठतोच.

मामांच्या जाण्यानं लग्न सव्वा महिना पुढे गेलं. तारीख बदलली, पत्रिका नव्यानं छापायची झाली. गेल्या आठवड्यात मामी आल्या, प्राचीला घेऊन. मामी त्याच बाकड्यावर बसल्या, मामा बसायचे तिथून हातभर अंतर सोडून. मी वाचायला घेतलं. देवांची नावं झाली, वधूवरांची झाली आणि निमंत्रकांवर आल्यावर माझी गाडी अडली. एका ओळीत दोन बदल होते. मामांच्या नावाआधी ‘स्व.’ आलं होतं आणि मामींच्या नावाआधीचं ‘सौ.’ जाऊन ‘श्रीमती’ झालं होतं. मी ती ओळ पुटपुटत भरकन पुढे ढकलली.

“थांब,” मामी म्हणाल्या. “सगळ्यायले इचारतं ना तू? मंग मले काऊन नाही इचारत?”

“मामी, राहू द्या ना...”

“इचार. त्यायनं याच्यासाठीच हे दुकान घ्याले लावलं तुले.”

मी विचारलं. “स्व. शेषराव... गेले ना?”

मामींनी रिकाम्या हातभर जागेकडे पाहिलं. मग माझ्याकडे. “हाव,” त्या म्हणाल्या. “गेले. वाच पुढे.”

नव्या पत्रिका त्या दिवशीच छापल्या. जुन्या गठ्ठ्यातली एक मी काढून घेतली, पत्र्याच्या पेटीत टाकण्यासाठी. छापली तेव्हा तिच्यात एका मात्रेचीही चूक नव्हती. मामांनी स्वतः ‘हाव, हाये’ म्हणून ती पास केली होती. मी पेन्सिल हातात घेतली. माझी म्हणू? गिऱ्हाइकाची म्हणू? मग मला मामांचा इतका राग आला, इतका राग आला, की मी पत्रिका पालथी केली आणि ठसठशीत अक्षरात लिहून टाकलं : ‘चूक : मामांची. लग्नापर्यंत थांबायला काय झालं होतं?’