अडकित्त्यानं कातरलेल्या गोळ्या

गडहिंग्लजच्या बाजूला पाच-सहा गावांत तंबाखूवरच्या मावा किडीला औषध मारायचं म्हटलं की सांगावा जोतीरामलाच जायचा. पाठीवर पंप, तोंड फटकळ. कुणी औषधात पाणी वाढवायला सांगितलं, तर बांधावरच त्याचे वाभाडे काढायचा, "अर्धं मारलं की कच्चा मावा मरतो, चिवट ऱ्हातो! त्येचीच पिलावळ वाढती. मग बादलीभर वता की, न्हाय मरत!"

आणि याच शहाण्यानं घरात शेण खाल्लं.

अठ्ठ्याहत्तर साली बायकोच्या, बनाबाईच्या, गळ्याला गाठ आली. मिरजेच्या डॉक्टरांनी कॅन्सर सांगून रोजच्या गोळ्या दिल्या. ही गोळी वाढत्या पेशीचा आतला धागा तोडते, म्हणाले, मग पेशी आपली आपण मरते. पण केसांच्या, आतड्याच्या पेशीही भराभर वाढतात, त्यांनाही झळ बसणार. बसलीच. बनाबाईच्या पोटात पेजसुद्धा ठरेना. गाठ मात्र विरत चालली होती. तिचे हाल बघून जोतीरामचं काळीज पाघळलं. तो अडकित्त्यानं गोळी कातरून अर्धीच तिला देऊ लागला. उरलेली अर्धी चुन्याच्या रिकाम्या डबीत.

दिवाळीनंतर गाठ परत आली. आता पुरी गोळी देऊनही हलेना. हा चिवट मावा जोतीरामच्या चांगल्या ओळखीचा होता.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "गोळ्या पुऱ्या घेतल्या होत्या?"

"व्हय," बनाबाई घाईनं म्हणाली. अडकित्त्याचा आवाज तिनं रोज ऐकला होता.

जोतीराम गप्प बसला असता तर खपून गेलं असतं. पण शेतकऱ्यांच्या अशाच थापांवर विसंबून त्यानं किती पिकांना चुकीचं औषध मारलं होतं! त्यानं डबी टेबलावर उपडी केली.

"न्हाय डाक्टर. म्या कापल्या. अर्ध्या औषधानं मावा चिवट हुतो, ह्ये जल्मभर तंबाखूवर पंप मारून ठावं आसून."

डॉक्टर रागावले नाहीत, त्यानंच तो जास्त घाबरला.

"पुऱ्या घेऊनही काहींचं असं होतं," ते म्हणाले. "वाचलेल्या पेशींवर तेच औषध चालत नाही. मावा मरेना झाला की तुम्ही काय करता?"

"औषध बदलतो."

"तेच करू."

"आन् त्येबी लागू न्हाय पडलं तर?" बनाबाईनं विचारलं, डॉक्टरांना नव्हे, नवऱ्याला.

मग उभं पीक उपटून जाळतात. हे तिलाही ठाऊक होतं. जोतीरामनं नव्या औषधाची चिठ्ठी उचलली.

"घरी गेल्या गेल्या आडकित्ता हिरीत टाकतो," तो म्हणाला.