नसीमचं सोयाबीन

इक्बालभाईंचा, म्हणजे नसीमच्या नवऱ्याचा फोन आला तेव्हा मी पिरंगुटच्या बसमध्ये होते. "सकाळी ओट्यापाशी बसली ती उठलीच नाही," एवढंच ते म्हणाले... हार्ट अटॅक. आता तिचा चाळिसावाही झाला. लोक म्हणतात, रडून मोकळी हो. रडू कुठलं येतंय! मला राग येतोय, आणि तो माझ्या सख्ख्या भावाचा.

नसीम माझी शाळेपासूनची मैत्रीण. बाजारात त्यांचं किराणा दुकान. ही मत्स्यशास्त्र शिकली आणि चांगली नोकरी सोडून परत आली, का तर तळ्यातल्या माशांचं खाद्य बदलायचं म्हणून. त्या खाद्यात मासळीची भुकटी असते. समुद्रातली बारकी मासळी सुकवून दळायची आणि रोहूला घालायची, याचा तिला भयंकर संताप. "गरिबाच्या ताटातलं सुकट उचलून माशाला चारत्यात! रोहू काय वाघ हाय का? त्याला कोंडा-पेंड चालती की!" भुकटीऐवजी भाजून भरडलेलं सोयाबीन, शेंगदाण्याची पेंड, भाताचा कोंडा... घरामागच्या टाकीत तिनं त्यावर रोहू चांगले पोसून दाखवले. बाजारात टवाळी व्हायची, "काय भाभी, माशांना माळ घातली का?" ती हसायची आणि विचारणाऱ्यालाच मूठभर खाद्य हुंगायला लावायची.

पण टाकीवर कोण विश्वास ठेवणार? तळं हवं होतं, आणि रिहे गावात माझ्या दादाचं शेततळं होतं. दादा जुना पैलवान. तिनं माझ्यासमोर त्याला बजावलं, "दादा, सोयाबीन भाजल्याबिगर घालायचं न्हाई. कच्चं माशाला पचत न्हाई, अंगी लागत न्हाई." "व्हय व्हय," म्हणाला. हंगाम संपला, जाळं ओढलं, तर मासे काटकुळे, नुसती डोकी मोठी. दादा भर बाजारात ओरडला, "या बाईनं माझं तळं बुडवलं!" झालं! जे तिचं खाद्य घ्यायला तयार होते ते पुन्हा भुकटीकडे वळले. ती त्याला परत परत विचारायची, "दादा, भाजलं व्हतं ना?" आणि हा बाप्या तिच्या डोळ्यांत बघून "भाजलं की" म्हणायचा. शेवटी आपलंच कुठंतरी चुकलं असं धरून ती दुकानात तराजूमागे जाऊन बसली. मरेपर्यंत तसंच धरून होती.

चाळिसाव्याच्या जेवणानंतर दादा माझ्याजवळ येऊन हुंदके द्यायला लागला. "भाजलं नव्हतं गं. भिजवून, वाटून घातलं. तालमीत आमी भिजवलेलं हरभरं खाऊनच अंग कमावलं ना? म्हनलं, भाजल्यावर सत्त्व जातंय. माशांचं बरंच कराया गेलो..."

बरं करायला गेलास, ठीक आहे. चूक कुणाचीही होते. पण मग तोंड शिवून का बसलास? "बाई, मी तुझं ऐकलं नाही" एवढं म्हणायला ज्या छातीत दम नाही, ती कमावलेली छाती काय चाटायची? आता म्हणतो, तळ्यावर तिचा फोटो लावू. फोटो नको, म्हटलं. जिथं बोंबललास तिथंच जाऊन खरं सांग. गेला, मान खाली घालून सांगितलं. लोक "असं व्हय," म्हणाले आणि चहा मागवला. तिचं नाव धुळीला मिळालं होतं, आणि यांना चहा सुचतो!

परवा इक्बालभाईंनी तिची सोयाबीन भाजायची लोखंडी कढई माझ्या हातात दिली. घरात बघवत नाही, म्हणाले. मी ती तशीच तळ्यावर नेली, तीन दगडांवर ठेवली आणि दादाला म्हटलं, "भाज." तो निमूट उलथनं घेऊन बसला. सोयाबीन तडतडायला लागलं, खमंग वास सुटला. मग त्यानं मान वर केली.

"कितपत भाजू गं? झालं का?"

मला काय ठाऊक!

"ते तिला विचारायचं होतंस," मी ओरडले, "ती होती तेव्हा!"

दादा खाली बघून ढवळत राहिला.