दीड तास आधी उगवलेला चंद्र

देवावर विश्वास आहे का, असं कोणी विचारलं की मी हसून विषय बदलायचे. सिंगापूरमध्ये वाढले, शाळा इंग्रजी. आरत्या पाठ होत्या, पण मनापासून काही मागावं असं कधी झालं नव्हतं. आई मात्र दर संकष्टीला उपास करते आणि चंद्रोदयाशिवाय सोडत नाही. तिला डायबेटिस झाल्यापासून मला या उपासाची भीतीच वाटायची.

आई रॅफल्स प्लेसच्या बँकेतून निवृत्त झाली तेव्हा म्हणाली, "मला मोठी शहरं नकोत. समुद्रकाठची छोटी गावं दाखव." म्हणून ऑक्टोबरात आम्ही दोघी दक्षिण इटलीला गेलो. कड्यावर वसलेलं पांढऱ्या दगडांचं गाव, दोन माणसं जेमतेम मावतील अशा गल्ल्या, दारादारांत बेझिलच्या कुंड्या. ती आपल्या तुळशीचीच बहीण, म्हणून आई प्रत्येक कुंडीला हात जोडायची आणि कोणी बघत नाही ना, हे मी पाहायचे.

तिसऱ्या दिवशी संकष्टी आली. राजगिऱ्याच्या लाडवांचा डबा हॉटेलवर राहिला. गोळी घेतलेली, पोटात एक केळं, आणि दिवसभर चढउतार. संध्याकाळी साडेसातला आई एका गल्लीत पायरीवर बसली. कपाळावर घाम, बोटं थरथरत होती. मीटरवर शुगर फारच खाली आली होती. मी ज्यूसचा डबा फोडून तिच्या तोंडाशी धरला.

"चंद्र बघून."

"आई, प्लीज ला!" घाबरले की माझ्या तोंडून सिंगापुरी 'ला' निघतंच. "फोनमधल्या पंचांगात नऊ पंचवीस आहे. दोन तास कशी थांबणार तू?"

"थांबेन. आजवर कधी मोडला नाही."

तिने ओठ घट्ट मिटले. ती इथेच कोसळली तर काय करायचं, हे मला सुचत नव्हतं. समोरच्या दारात एक म्हाताऱ्या बाई शेंगा सोलत बसल्या होत्या. त्यांना डॉक्टर विचारायचा एवढंच काम होतं, पण अनोळखी माणसाशी बोलायचं म्हटलं की मी नेहमी मागे हटते, तशी तेव्हाही हटले. मी डोळे मिटले आणि आयुष्यात पहिल्यांदा मनातल्या मनात म्हणाले, "मला जमत नाहीये. आता तूच बघ."

डोळे उघडले तर त्या बाई आमच्यापुढे उभ्या होत्या. आईने ज्यूसकडे बोट दाखवून मान हलवली, मग आकाशाकडे हात करून हवेत गोल काढला. "अहो बाई, चंद्र! चंद्र!"

"आ, लूना!" बाई हसल्या. आईच्या दंडाला धरून त्यांनी तिला उठवलं, दुसरीकडून मी धरलं. एका कमानीतून वीसेक पावलांवर गल्ली संपली आणि एकदम समुद्र समोर आला.

पाण्याच्या कडेवर तांबूस, एका बाजूने किंचित झिजलेला, एवढा मोठा चंद्र नुकता वर आला होता. आठसुद्धा वाजले नव्हते. आईने बाटलीतल्या पाण्याचं अर्घ्य दिलं, हात जोडले आणि ज्यूस घटाघटा प्यायली. बाईंनी छातीवर क्रूस काढला, आईच्या पाठीवरून हात फिरवला आणि घरातून पाव आणि अंजिरं आणून दिली. थोड्या वेळाने आईच्या गालांवर रंग आला. मी मात्र रडत होते, आणि कोणी बघतंय का याकडे माझं लक्ष नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कळलं, फोनमधलं पंचांग सिंगापूरचंच होतं. शरद ऋतूत त्या भागात पौर्णिमेनंतरचा चंद्र आपल्याकडच्यापेक्षा बराच लवकर उगवतो. हे वाचून माझं नवल कमी झालं नाही. ज्याची वाट पाहायला दीड तास उरला आहे असं मी धरून चालले होते, ते वीस पावलांवर येऊन थांबलेलं होतं. तिथवर नेणारा हातही माझी हाक फुटण्याआधीच पुढे आला होता.

आईला मी हे सगळं समजावलं. ती खिडकीतून समुद्राकडे बघत होती. मग म्हणाली, "पुढच्या वेळी शुगर उतरली तर मी आधी खाईन. काल देवाने माझं ऐकलं, वेळेत खा म्हणून चंद्र लवकर दाखवला. आता मी त्याचं ऐकायला नको?"