ओट्यावरची तांबोशी

माझ्या नवऱ्याला चाळिशीत मासे कळायला लागले. लालबागला माहेरी माझं अर्धं आयुष्य खवली काढण्यात गेलं, पण ते काही ज्ञान नव्हे. ज्ञान म्हणजे व्हिडिओ बघून मिळतं ते. महागाची गळकाठी आली, रीळ आलं, खिसेच खिसे असलेलं जाकीट आलं आणि दर रविवारी आमची वरात गिरगाव चौपाटीच्या पुढच्या दगडांवर निघायला लागली.

तिथे मला बसवून तो जीवशास्त्र शिकवायचा. माशाच्या अंगावर कडेने जी रेघ असते, तिच्यातून त्याला पाण्याची हालचाल समजते. पोटात हवेचा फुगा असतो, म्हणून तो बुडत नाही. खवल्यावर झाडासारखी वर्तुळं असतात, त्यावरून वय काढतात. हे सगळं खरं होतं आणि ऐकायला मला आवडायचं, एवढं मान्य. चीड यायची ती पुढच्या गोष्टीची. मासा गळाला लागला की हा फोटो काढायचा आणि त्याला परत समुद्रात सोडायचा. म्हणे, त्यालाही जगायचा हक्क आहे. सासुरवाडीला आला की हाच गृहस्थ सुरमईवर असा तुटून पडतो की माझी आई पातेलं झाकून ठेवते. दाखवायचे दात वेगळे, ते असे.

सोडून देण्याचं खरं कारण घरात होतं. बाहेर काय ते खा, पण ओट्याला मासा लागता कामा नये, हा सासूबाईंचा नियम. लग्न झाल्यापासून मला एकदा, फक्त एकदा, स्वतःच्या स्वयंपाकघरात मासा तळायचा होता. आईशी बोलतो, असं हा दर वेळी सांगायचा. मी आपली लालबागहून जेवून निघताना हातांना लिंबू चोळत राहिले.

एका रविवारी चांगली दीड वीत तांबोशी लागली. गळ पार आत गिळलेला, वाचण्यातली नव्हती. बादलीत घालून घरी आणली. मला वाटलं, आज तरी हा बोलेल. त्याने ओट्यावर वर्तमानपत्र पसरलं, तांबोशी ठेवली आणि आईला हाक मारली. सासूबाई चष्मा लावून आल्या. त्याने कल्ले उचलून दाखवले, पोट फाडून फुगा काढला, मग काळीज. "एवढंसंच असतं होय?" त्या कौतुकाने म्हणाल्या. लेकाची बोटं माशाच्या आतड्यात होती आणि माउली धन्य झाली होती.

धडा संपल्यावर त्या माझ्याकडे वळल्या. "हे बाहेर टाकून ये. आणि ओटा धुऊन घे."

"आई, याने फाडला तर तो अभ्यास. मी तळला की ओटा बाटतो का?"

नवरा साबणाने हात धूत म्हणाला, "जाऊ दे ना. माशाचं काम तर झालंय."

मी तुकड्या केल्या, मीठ, हळद, तिखट लावलं आणि तवा ठेवला. सासूबाई बाहेरच्या खोलीत जाऊन बसल्या. वास सुटला तसा नवरा ताट घेऊन आत आला आणि, आईला ऐकू जाणार नाही अशा आवाजात, शेपटीकडची नको म्हणाला. मी त्याला वाढलं नाही. तिथेच ओट्याशी उभ्याने अख्खा मासा एकटीने खाल्ला, डोकंसुद्धा.