वांगं कुठी गेलं?
ओल्या कोथिंबिरीचा वास आला की मला लेकीचं तिसरं वर्ष आठवतं. तेव्हा ती 'आई', 'पानी' एवढंच बोलायची. शेजारची तिच्याएवढी पोरं दिवसभर बडबडायची, म्हणून आम्ही तिला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, तिच्याशी खूप बोला. तिचे बाबा भाजीपाला पिकवणारे, तसे अबोलच. पण त्या दिवसापासून ते तिला रोज झोपताना मळ्यातलीच एखादी गोष्ट रचून सांगू लागले. ती नुसती टकमक बघायची. एकदा धाड गावच्या बाजारातून ते दमून आले. अंगाला कोथिंबिरीचा वास, तसेच तिला कुशीत घेऊन सांगू लागले, "एक होतं वांगं. त्याले बाजारात जायचं नव्हतं. त्यानं टोपल्यातून उडी मारली अन्..." तेवढ्यात त्यांचा डोळा लागला. मी लाइट बंद करायला उठले, तर लेक त्यांची हनुवटी हलवून म्हणाली, "बाबा, मंग वांगं कुठी गेलं?" मी जागीच थबकले. ते जागे झाल्याचं मला दिसलं, पण डोळे न उघडताच ते हळूच म्हणाले, "मले नाही माहीत. तूच सांग बरं." ती म्हणाली, "त्याच्या आईपाशी गेलं." त्यांच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी ओघळलं. आता ती कॉलेजात शिकते. सुटीत घरी आली की तिचं तोंड थांबत नाही, आणि कामाच्या घाईत मी तिला गप्प करायला गेले, तर तिचे बाबा म्हणतात, "बोलू दे तिले."