नारळावर न ठेवलेला हात

मी चौथीपर्यंत शिकलो, पण कबड्डीतलं मला कोणी सांगायची गरज नव्हती. नव्वदच्या आसपासची गोष्ट. पनवेलजवळच्या आमच्या गावाचा संघ त्या हंगामात प्रत्येक स्पर्धेत पहिल्याच फेरीत बाहेर पडत होता. मग संघाला शिकवणाऱ्या मास्तरांना काढायचं म्हणून सगळे देवळात जमले.

आमच्याकडे गावाचं काही ठरलं की देवीपुढच्या नारळावर सगळ्यांनी हात ठेवायचा आणि मग तो फोडायचा. एकानं जरी हात ठेवला नाही तरी ठरलेलं मोडतं. त्या दिवशी सगळ्यांनी ठेवला, मी ठेवला नाही.

शेजारी म्हणाला, "दादूस, तुज्याच पोराला त्यानं बाहेर बसवलाय, आन तू त्याची बाजू घेतोस?"

"म्हणूनच घेतो. सरावाला उशिरा गेला म्हणून बसवला. तुमच्यातल्या एकाची तरी छाती हाय का माज्या पोराला बसवायची?"

"आन आमी हरतो त्याचा काय?"

"हरू. पण शिस्तीत हरू."

सगळे हसले. "याच्या डोक्याची करवंटी नारळाहून जाड हाय," कोणीतरी म्हणालं. मी हात मांडीखाली दाबून बसलो. नारळ फुटला नाही आणि मास्तर राहिले.

पुढचा सामना कळंबोलीला झाला, तोही आम्ही हरलो. मास्तरांनी माझ्या पोराला त्या दिवशीही उतरवलं नाही. गावातलं कोणी माझ्याशी बोलेना. मी मैदानाच्या कडेला मास्तरांच्या शेजारी बसलो होतो, सगळ्यांना दिसेल असा. आजही म्हणतो, बरोबर बसलो होतो.